'राणी' : एका शब्दाच्या अर्थाचा पुनर्विचार

शालेय व्याकरणाच्या पुस्तकात लिंगविचाराच्या प्रकरणी 'राजा–राणी' ही जोडी हमखास आढळते. 'घोडा–घोडी', 'मुलगा–मुलगी', 'सुतार–सुतारीण' यांच्या रांगेतच ती बसविलेली असते, आणि विद्यार्थी ती पाठ करून पुढे जातो. या मांडणीतून एक समजूत नकळत पक्की होते. जो राज्य करतो तो राजा, त्याच अर्थाने जी राज्य करते ती राणी, आणि या शब्दाचे इतर सारे उपयोग म्हणजे या मूळ अर्थावर मागाहून चढलेली रूपके, अशी ती समजूत होय. पदव्युत्तर वर्गातील प्रबंधिकांतूनही हीच समजूत अर्थविस्ताराच्या आकृत्यांचे रूप घेऊन येते. मध्यभागी 'स्त्री-राज्यकर्ती' हा अर्थ मांडावयाचा आणि त्यातून रातराणी, राणीमाशी, राणीहार, दख्खनची राणी अशा शाखा काढावयाच्या, ही पद्धत आता रूढ झाली आहे. आकृती सुबक दिसते. परंतु मराठी भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार तिला दुजोरा देत नाही, असे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न एका शब्दापुरता मर्यादित नाही. सत्ता आणि स्त्री यांचा संबंध आपली भाषा कोणत्या व्याकरणाने जोडते, हा त्यामागील प्रश्न आहे. खानदेशातील, विशेषतः मुक्ताईनगर परिसरातील शब्दसामग्री गोळा करणाऱ्या अभ्यासकाला त्याचा निर्णय केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

१

प्रथम व्याकरणाची बाजू पाहू. 'घोडा–घोडी' आणि 'सुतार–सुतारीण' या दोन जोड्या एका रांगेत बसविणे हीच मुळात चूक आहे. घोडी ही घोड्याची बायको म्हणून घोडी नसते. ती त्या जातीची मादी असते. सुतारीण मात्र रंधा चालविणारी स्त्री असतेच असे नाही. बहुधा ती सुताराची बायको असते. पाटलीण, कुळकर्णीण, मास्तरीण या शब्दांचा जुना अर्थ असाच आहे. पाणिनीने हा भेद ओळखला होता. 'पुंयोगादाख्यायाम्' (४.१.४८) या सूत्रात पुरुषाशी असलेल्या संबंधामुळे स्त्रीला मिळणाऱ्या नावाची वेगळी व्यवस्था त्याने लावून दिली आहे. पुढील सूत्रात 'आनुक्' आगम सांगितला असून त्यातून इंद्राणी, रुद्राणी, भवानी ही रूपे सिद्ध होतात. या सूत्रावरील परंपरेत केलेला एक विवेक आपल्या विषयाला फार उपकारक आहे. आचार्याची पत्नी ती 'आचार्यानी', आणि जी स्वतः शिकविते ती 'आचार्या'. एकच पद, पण नात्याने मिळालेले नाव निराळे आणि कर्तृत्वाने मिळालेले निराळे.

'राज्ञी' हे रूप या पुंयोगाच्या सूत्राने सिद्ध होत नाही; नकारान्त प्रातिपदिकाला सामान्य नियमाने ङीप् लागून ते होते. म्हणजे रूपापुरते पाहिले तर 'राज्ञी' शब्दात पत्नीत्वाची खूण नाही. तरीही व्यवहारात ती खूण त्यावर उमटली, आणि मराठीपर्यंत येताना ती अधिकच ठसठशीत झाली. 'राणी' ऐकताच मराठी मनात पहिला प्रश्न उठतो तो 'कोणाची?' असा. 'राजा' या शब्दाला हा प्रश्न चिकटत नाही. तेथे आपण 'कोठला?' असे विचारतो. या दोन प्रश्नांतील अंतर हेच या दोन शब्दांतील अंतर होय.

इतिहासाची साक्ष याहून वेगळी नाही. वाकाटक राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालविणारी प्रभावतीगुप्ता पुणे ताम्रपटात आपली ओळख देते ती रुद्रसेनाची अग्रमहिषी आणि युवराज दिवाकरसेनाची जननी म्हणून. सत्ता तिच्या हातात होती. नाव मात्र पतीच्या आणि पुत्राच्या आधाराने उभे आहे. ज्या 'महिषी' शब्दाने तिने आपला मान सांगितला, त्याचे मराठीतील भवितव्यही पाहण्यासारखे आहे. त्याचा 'पट्टराणी' हा अर्थ ग्रंथांत राहिला, आणि बोलीत उतरला तो दुसरा अर्थ, 'म्हैस'. राजवाड्यातील संज्ञा लोकभाषेला नको होती. गोठ्यातील हवी होती.

मराठेशाहीकडे वळले तर चित्र अधिक स्पष्ट होते. येसूबाईंच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिक्क्यात 'राज्ञी' हे पद आहे. पण ते संस्कृत आहे आणि मुद्रेवर आहे. मराठी बोलण्यात आणि लिहिण्यात ज्या स्त्रियांनी राज्य सांभाळले त्यांना मराठी माणसाने कोणत्या शब्दांनी हाक मारली? जिजाबाई 'मातोश्री', 'आईसाहेब' आणि लोकांच्या तोंडी 'जिजाऊ'. १७०० नंतर सात वर्षे मोगली फौजेशी झुंज देणाऱ्या ताराबाई 'ताराबाईसाहेब'. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई 'देवी', 'मातोश्री', 'पुण्यश्लोक'. सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यातही 'पुण्यश्लोक' आहे, 'देवी' आहे, 'राणी' नाही. झांशीच्या लक्ष्मीबाई गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' मध्ये 'बाईसाहेब' म्हणून वावरतात. 'झांशीची राणी' हे रूप इंग्रजी कागदपत्रे आणि हिंदी लोकभावना यांच्या जोरावर पुढे सर्वत्र रूढ झाले. पारसनिसांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या चरित्राच्या शीर्षकात 'महाराणी' आले खरे, पण 'बाईसाहेब' सुटले नाही. आज आपण ताराबाईंना आणि येसूबाईंना सर्रास 'महाराणी' म्हणतो. ही आजच्या गौरवाची भाषा आहे. तिच्यावरून त्या काळच्या मराठीचा अर्थ ठरविणे म्हणजे कालविपर्यास होय.

खेळांची साक्ष सहसा कोणी काढीत नाही. ती काढावयास हवी. गंजिफाच्या प्रत्येक रंगात दोनच मानाची पाने असतात, राजा आणि प्रधान. राणीला तेथे जागा नाही. बुद्धिबळात राजाच्या शेजारी उभा असतो तो वजीर. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस याच मोहऱ्याला राणीचे नाव व अफाट बळ मिळून स्थिर झाले. मराठी खेळाडू मात्र बळ नवे घेऊनही नाव जुनेच वापरीत राहिला. तो आजही 'वजीर मेला' असेच म्हणतो. 'इस्पिकची राणी' आणि कॅरममधील तांबडी 'राणी' या विलायती पत्त्यांबरोबर व फळीबरोबर आलेल्या आहेत. खेळातील राज्य हे समाजाच्या मनातील राज्याचे लहानसे प्रतिरूप असते. आपल्या जुन्या प्रतिरूपात राजानंतरचे स्थान प्रधानाचे आहे. राणी हे राज्यव्यवस्थेतील पद नव्हते. ते राजाच्या घरातील नाते होते.

२

मग 'राज्य करणारी स्त्री' हा अर्थ 'राणी' शब्दात ठळकपणे आला कोठून? त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे, आणि ते व्हिक्टोरिया या एका व्यक्तीशी बांधलेले आहे. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने कंपनीचे राज्य संपले आणि 'राणीचे राज्य' सुरू झाले. येथे प्रथमच मराठी भाषकासमोर अशी राणी उभी राहिली की जिच्या संदर्भात 'कोणाची?' हा प्रश्न गैरलागू होता. तिचा नवरा राजा नव्हता. तिच्या नावाने कायदा चाले, तिच्या नावाने कर वसूल होई, आणि तिचा मुखवटा रुपयावर होता. १८७७ पासून नाण्यावरील अक्षरे बदलली व 'क्वीन' च्या जागी 'एम्प्रेस' आले. पण लोकांच्या तोंडचा रुपया 'राणीछाप' तो 'राणीछाप' च राहिला. सरकारी पदवी वाढली म्हणून लोकशब्द वाढत नसतो. एकदा ठसा बसला की तोच चलनी होतो, हे येथे शब्दशः खरे ठरले.

मुंबईच्या भायखळ्यातील बागेची कथा अधिक बोलकी आहे. १८६२ मध्ये खुली झालेली व्हिक्टोरिया उद्यानाची ही जागा लोकांनी 'राणीची बाग' केली. स्वातंत्र्यानंतर तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. तरीही बोलण्यात 'राणीची बाग' हेच नाव टिकून आहे. म्हणजे जिला मराठीने कधी राणी म्हणून हाक मारली नाही, त्या जिजाऊंच्या नावाची पाटी आज 'राणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बागेवर लागलेली आहे. या विसंगतीत 'राणी' शब्दाच्या दोन थरांची सरमिसळ एका दृष्टिक्षेपात दिसते. पाटीवरील नाव बोलते ते मातृत्वाच्या मानाची भाषा. लोकांच्या तोंडी राहिली ती राजवटीची आठवण.

या नव्या थरातूनच अनेक प्रयोग भाषांतराच्या वाटेने आले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली मुंबई–पुणे मार्गावरील गाडी 'डेक्कन क्वीन' म्हणून जन्मली आणि 'दख्खनची राणी' म्हणून वाढली. 'राणीमाशी' व 'राणीमुंगी' या जीवशास्त्राच्या पुस्तकांतून आल्या. राणीमाशी पोळ्यावर हुकूम चालवीत नाही. ती अंडी घालते. युरोपातही पोळ्याच्या या नायकाला दीर्घकाळ 'राजा' च समजत. बटलरच्या १६०९ मधील इंग्रजी ग्रंथाने तेथे स्त्रीराज्याची कल्पना रुजविली, आणि तिची राणी मराठीत आली. पोळे प्रथमच नव्याने पाहून नाव ठेवले असते, तर मराठीने कदाचित 'आई' हा शब्द निवडला असता. वस्तुस्थितीलाही तो अधिक जवळचा आहे.

'रातराणी' चे झुडूप, जळगावच्या सराफ पेढीवरचा 'राणीहार' आणि साडीच्या दुकानातला 'राणी रंग' यांचे मात्र निराळे आहे. या प्रयोगांत राज्य नाही. ऐश्वर्य, शोभा आणि निवडकपणा आहे. राजघराण्यातील स्त्रीच्या वस्त्रालंकारांची कल्पना त्यांच्या मुळाशी आहे. एस.टी. ची 'रातराणी' ही फुलाच्या नावावरून उचललेली, म्हणजे रूपकावरचे रूपक होय. आकृती काढणाऱ्यांनी या शब्दांना 'राज्यकर्ती' या केंद्राशी जोडले तर जोड कृत्रिम होते. 'राजाची पत्नी' या केंद्राशी जोडले तर ती सहज बसते.

उलट दिशेचा पुरावाही आहे. जेथे एखाद्या स्त्रीचे निर्विवाद, स्वतःच्या बळावरचे प्रभुत्व सांगावयाचे असते, तेथे आधुनिक मराठी 'राणी' शब्द सोडून 'सम्राज्ञी' कडे धाव घेते. लता मंगेशकर 'गानसम्राज्ञी', विठाबाई नारायणगावकर 'तमाशासम्राज्ञी'. लावणीच्या क्षेत्रातही हीच पदवी रूढ आहे. या पदव्या ऐकताना 'सम्राट कोण?' असा प्रश्न कोणाच्याही मनात येत नाही. जुन्या शब्दाला पत्नीत्वाचा ओघ इतका चिकटलेला आहे की, स्वयंभू अधिकार सांगण्यासाठी भाषेने संस्कृतातून नवे पद उसने आणले. 'राणी' चा मूळ अर्थ 'राज्यकर्ती' असता, तर ही उसनवारी करावी लागली नसती.

३

घरातील 'राणी' कडे पाहिले की हाच विचार आणखी एका अंगाने पुढे जातो. 'राजाराणीचा संसार', 'घरची राणी', 'तुला राणीसारखी ठेवीन' हे प्रयोग राज्याच्या अर्थावरून घेतलेली गोड रूपके समजली जातात. परंतु ऋग्वेदातील विवाहसूक्तात (१०.८५) नववधूला सासरा, सासू, नणंद आणि दीर यांच्यामध्ये 'सम्राज्ञी' होण्याचा आशीर्वाद दिलेला आहे. म्हणजे 'घराची राज्ञी' हा अर्थ अर्वाचीन लाडिकपणातून जन्मलेला नाही. तो अतिप्राचीन आहे. राज्याची राणी आणि घरची राणी या दोन्ही कल्पना प्रथमपासून शेजारी आहेत. एकीतून दुसरी 'निघाली' असे म्हणण्यास आधार नाही.

येथे एक अर्थपालट घडला आहे, आणि तो समाजाच्या इतिहासाचा साक्षीदार आहे. वैदिक आशीर्वादातील वधू सम्राज्ञी होते ती सासू-सासरे, दीर-नणंदा यांनी भरलेल्या घरात. आजच्या मराठीतील 'राजाराणीचा संसार' म्हणजे ज्या घरात ही माणसे नाहीत असे घर. पूर्वी माणसांच्या भरतीवर राणीपण अवलंबून होते. आता त्यांच्या ओहोटीवर ते अवलंबून आहे. शब्द तोच, घर तेच, पण अर्थ पुरा उलटला. या पालटाची नोंद 'लाक्षणिक अर्थ' एवढ्या शेऱ्यात होऊ शकत नाही.

एकत्र कुटुंबातील राणीपणाची दुसरी बाजू म्हणींनी जपून ठेवली आहे. 'तू राणी, मी राणी, मग पाणी कोण आणी' ही म्हण वेगवेगळ्या पाठांनी उत्तर हिंदुस्थानापासून आपल्याकडे पसरलेली आहे. तिच्यातील राण्या जावा आहेत. राजा वाक्यात कोठेच नाही, पण आवडतीनावडतीचा कलह मात्र आहे. श्रावणातील कहाण्यांतही राणी सहसा एकटी येत नाही. आवडती आणि नावडती अशी जोडीने येते, आणि तिचे सारे भाग्य राजाच्या मर्जीवर झुलत असते. सत्तेचे नाव असलेला हा शब्द कहाणीच्या विश्वात परावलंबनाचे नाव होतो.

मग हाच शब्द टोमणा होतो तेव्हा नवल वाटावयास नको. 'महाराणी उठल्या का?' या वाक्यात आदरार्थी बहुवचनच बोचरे आहे. येथे राणीपण नाकारण्यासाठीच दिलेले असते. आई लेकीला 'माझी राणी' म्हणते तेव्हा तोच शब्द निर्मळ वात्सल्याचा होतो, कारण तेथे कोणाशीही स्पर्धा नसते. मुलाला 'राजा' म्हणताना आणि मुलीला 'राणी' म्हणताना या दोन शब्दांतील विषमता पुसली जाते. मराठीत 'राजा' आणि 'राणी' खऱ्या अर्थाने समान होतात ते फक्त पाळण्यापाशी, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

४

आता खानदेशातील सामग्रीकडे वळू. येथे अर्थाच्या प्रश्नात ध्वनीचा प्रश्न मिसळतो, आणि अभ्यासकाची खरी कसोटी लागते.

प्रमाण मराठीतील 'राणी' मध्ये ण का आहे, हे आधी पाहिले पाहिजे. प्राकृतातील द्वित्त 'ण्ण' मराठीत 'न' होतो: कर्ण–कण्ण–कान, पर्ण–पण्ण–पान, अरण्य–रण्ण–रान. 'ज्ञ' चाही प्राकृतात 'ण्ण' होतो, म्हणून यज्ञोपवीत–जानवे, विज्ञप्ति–विनंती येथे न येतो. परंतु दीर्घ स्वरापुढे द्वित्त न राहता एकेरी ण राहिला, तर तो मराठीत तसाच टिकतो. आज्ञा–आणा–आण हे त्याचे उत्तम उदाहरण, आणि राज्ञी–राणी हे दुसरे. तेव्हा प्रमाण मराठीत 'रान' आणि 'राणी' या दोन शब्दांमध्ये एक स्पष्ट ध्वनिभिंत उभी आहे. एकात न, दुसऱ्यात ण. एकाचे मूळ अरण्य, दुसऱ्याचे राज्ञी.

मुक्ताईनगरच्या परिसरात ही भिंत उभी नाही. पश्चिम खानदेशातील अहिराणी, पूर्वेकडील लेवा व तावडी बोली आणि मलकापूरकडून येणारी वऱ्हाडी यांचा हा सीमाप्रदेश आहे. या बोलींत ण चा न होण्याकडे सर्वत्र कल आहे: पाणी–पानी, लोणी–लोनी, कोण–कोन. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहामुळे हा नकार साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला. येथे 'राणी' ही 'रानी' होते, आणि 'रान' शब्दाच्या अगदी शेजारी येऊन उभी राहते.

या शेजाराने निर्माण केलेला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कानबाई–रानबाईचा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाईची स्थापना होते, रोट होतात, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. गाण्यांत व बोलण्यात तिच्या जोडीला रानबाई किंवा रनुबाई येते. ही रानबाई कोण? एक मत असे की ती रानाची देवता. दुसरे मत असे की ती राज्ञी, म्हणजे सूर्याची पत्नी. पुराणांत सूर्याच्या पत्न्यांमध्ये राज्ञी व निक्षुभा ही नावे येतात. निमाडात गणगौरीच्या वेळी रनुबाई आणि धणियर राजा यांची जोडी पूजिली जाते. गुजरातेत रांदल आहे. आणि मराठी व्रतकथांत आदित्य राणूबाईची कहाणी आहे. बऱ्हाणपूरच्या वाटेवर असलेल्या मुक्ताईनगरात निमाडी परंपरा पोचणे अगदी स्वाभाविक आहे. स्थापनेचा वारही रविवार आहे.

या पुराव्याचा कल राज्ञीकडे आहे, हे मान्य करावयास हरकत नाही. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, बोलीतील 'रान–' या रूपावरून निर्णय करता येत नाही, कारण त्या बोलीत दोन्ही मुळे एकाच ध्वनीत मिळून गेली आहेत. रूप जेथे मुके होते तेथे विधी, वार आणि शेजारच्या प्रदेशातील जोड्या यांना बोलते करावे लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निमाडात रनुबाई पतीसह येते, खानदेशात ती दुसऱ्या एका बाईसह येते. मूळची 'सूर्याची राणी' तापीच्या काठी आली तेव्हा तिचा पती मागे पडला आणि सखी पुढे आली. ज्या शब्दाला 'कोणाची?' हा प्रश्न जन्मतःच चिकटलेला, त्याला येथे लोकांनी या प्रश्नातून सोडविले. हे घडले ते ध्वनीच्या आधाराने, कारण 'राणी' ची 'रानी' झाल्यावर तिला राजाची गरज उरत नाही. तिला रान पुरते.

म्हणूनच सामग्री गोळा करताना होणारी एक सुधारणा मला अपायकारक वाटते. बोलीतील गाणी उतरून घेताना अनेक विद्यार्थी 'रानी' ऐकतात आणि 'राणी' लिहितात. 'रानबाई' ऐकतात आणि शुद्ध समजून 'राणीबाई' किंवा 'राणूबाई' लिहितात. लेखनाची ही टापटीप म्हणजे पुराव्याचा नाश होय. ज्या क्षणी न चा ण केला, त्या क्षणी अभ्यासकाने दोन व्युत्पत्तींपैकी एकीच्या बाजूने गुपचूप निकाल दिलेला असतो, आणि पुढील संशोधक त्या निकालालाच पुरावा समजतो.

याच्या नेमके उलट अपघात 'अहिराणी' या नावाबाबत झाला आहे. 'अहि' म्हणजे साप आणि 'राणी', अशी फोड करून सर्पराज्ञीच्या कथा सांगितल्या जातात. किंवा 'अहिरांची राणी' असा गौरवार्थ काढला जातो. शब्दाची घटना याला संमती देत नाही. पदच्छेद अहीर + आणी असा आहे. र हा अहीर शब्दाचा आहे. देवर + आणी म्हणजे 'देवराणी', आणि तिच्या जोडीची जेठ + आणी म्हणजे 'जेठाणी'. दुसऱ्या शब्दात 'राणी' नाही, हाच पहिल्या शब्दातील 'राणी' आभासरूप असल्याचा दाखला होय. मेहतराणी, नोकराणी हे शब्दही याच साच्याचे आहेत. लोकांच्या समूहावरून त्यांच्या वाणीला वा लिपीला असे नाव पडणे जुने आहे. पाणिनीच्या ज्या सूत्राने इंद्राणी सिद्ध होते, त्याच सूत्रात यवन शब्द आहे, आणि यवनांची लिपी ती 'यवनानी' असे वार्तिककाराने सांगितले आहे. अहिरांची बोली ती अहिराणी. ग्रिअर्सनने १९०७ मध्ये भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात या बोलीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसविले. ते वर्गीकरण मान्य करा वा न करा, पण बोलीचा मान वाढविण्यासाठी तिच्या नावात राणी शोधण्याचे कारण नाही. अहिरांचे नाव तिला पुरेसे आहे.

या प्रदेशातील सर्वश्रेष्ठ स्त्री-अधिष्ठानाने 'राणी' हे पद घेतलेले नाही, ही गोष्टही सुटता कामा नये. पूर्वीचे एदलाबाद आज ज्या नावाने ओळखले जाते, ते मुक्ता आणि आई या दोन शब्दांचे बनलेले आहे. वारकरी परंपरेत विठ्ठल 'पंढरीचा राणा' होतो. नामदेवांच्या नावावरील प्रसिद्ध आरतीत राही आणि रखुमाबाई यांना मिळून राण्या म्हटले आहे. तेथे त्या राणाच्या राण्या आहेत, आणि बहुवचनात आहेत. एकटीला हाक मारावयाची वेळ आली की रखुमाई ही 'आई' होते. चांगदेवासारख्या योग्याला उपदेश करणारी मुक्ता कोणाचीच राणी नाही. ती आदिशक्ती आहे, मुक्ताई आहे. जिजाऊ, मातोश्री अहिल्याबाई आणि मुक्ताई यांना एका सूत्रात ओवणारा हा 'आई' शब्द मराठीतील स्त्रीच्या स्वयंभू अधिकाराचे खरे पद आहे. 'राणी' शब्दाने ती जागा कधी घेतली नाही.

५

हा विचार केवळ प्राचीनांपुरता आहे, असे कोणी म्हणू नये. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदी निवडून आल्या तेव्हा स्त्रीला 'राष्ट्रपती' कसे म्हणावे, यावर वृत्तपत्रांतून व सभांतून चर्चा झाली. ज्या एदलाबाद मतदारसंघाने त्यांना १९६७ पासून १९८५ पर्यंत सतत विधानसभेत पाठविले, तो हाच परिसर होय. पाणिनीच्या 'पत्युर्नो यज्ञसंयोगे' (४.१.३३) या सूत्राने पतीचे स्त्रीरूप 'पत्नी' होते, आणि ते यज्ञातील सहभागाच्या नात्याने होते. म्हणजे 'पती' मध्ये स्वामित्व आणि 'पत्नी' मध्ये नाते, अशी फाळणी व्याकरणानेच करून ठेवली आहे. अखेर 'राष्ट्रपती' हेच पद कायम राहिले, आणि ते योग्य झाले. राजा–राणीची गोष्ट येथे टाळली गेली, कारण भाषेने स्त्रीलिंगी जोडी बनविण्याचा मोह आवरला.

ग्रामपंचायतींत घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनंतर (१९९२) हेच घडले. 'सरपंच' शब्द स्त्रीलाही तसाच लागला. 'सरपंचीण' झाली नाही. झाली असती तर पाटलिणीप्रमाणे तीही सरपंचाची बायको ठरली असती. उलट नवा शब्द निघाला तो 'सरपंचपती'. येथे नात्याने ओळखला जाणारा पुरुष आहे. मराठीच्या इतिहासात पुंयोगाच्या जागी स्त्रीयोग उभा राहिल्याची अशी उदाहरणे विरळ. हा शब्द उपहासाने वापरला जातो, आणि नवऱ्याने बायकोच्या नावावर कारभार चालविण्याच्या वास्तवावर तो बोट ठेवतो, हे खरे आहे. पण त्याची घटना भाषाशास्त्राच्या दृष्टीने नवी आहे, हेही तितकेच खरे.

इंग्लंडच्या राजघराण्याविषयी लिहिताना मात्र मराठीची अडचण अजून कायम आहे. १९५२ ते २०२२ पर्यंत राज्यपदावर असलेल्या एलिझाबेथ 'राणी', आणि त्यांच्या मृत्यूनंतर राजा चार्ल्स यांच्या पत्नी कॅमिला याही 'राणी'. एक राज्याची अधिकारिणी, दुसरी राजाची पत्नी. मराठी वाचकाला शब्दावरून हा भेद कळत नाही. आचार्या आणि आचार्यानी यांत भेद करणाऱ्या परंपरेच्या वारसांना ही उणीव शोभत नाही.

या साऱ्यावरून कोशरचनेसाठी आणि क्षेत्रीय अभ्यासासाठी काही सूचना निघतात. 'राणी' या नोंदीत 'राजाची पत्नी' हा अर्थ मूळ म्हणून द्यावा. 'राज्यकर्ती स्त्री' हा अर्थ व्हिक्टोरियापासून रूढ झालेला म्हणून कालनिर्देशासह वेगळा द्यावा. 'गृहस्वामिनी' हा अर्थ लाक्षणिक न मानता प्राचीन व समांतर मानावा. भाषांतरित प्रयोग स्वतंत्र गटात ठेवावेत. देवराणी, अहिराणी यांसारखी आभासरूपे नोंदीबाहेर ठेवावीत, पण त्यांचा निर्देश करावा. बोलींतील 'रानी', 'रानबाई', 'रनुबाई' ही रूपे ऐकली तशीच, न सुधारता नोंदवावीत, आणि त्यांच्यासोबत विधी, वार व जोडीची नावे नोंदवावीत. शालेय व्याकरणातही 'राजा–राणी' ही जोडी 'घोडा–घोडी' च्या रांगेतून काढून 'पाटील–पाटलीण' च्या रांगेत ठेवावी. एवढा एक बदल झाला तरी विद्यार्थ्याला लिंग आणि नाते यांतील भेद लहानपणीच कळेल.

शब्दाचा मान वाढविणे हे कोशकाराचे काम नाही, आणि त्याचा मान कमी करणे हेही नाही. 'राणी' शब्दाने मराठीत ऐश्वर्य सांगितले, माया सांगितली, मत्सर सांगितला आणि एका परक्या राजवटीची आठवणही जपली. स्त्रीची स्वतःची सत्ता सांगण्याचे काम त्याच्याकडे फार थोडे आणि फार उशिरा आले. ते काम मराठीने दुसऱ्या शब्दांकडे सोपविले होते. ते शब्द कोणते, हे शोधण्यासाठी तापी-पूर्णेच्या संगमावरील गावांतून हिंडणाऱ्या अभ्यासकाने 'राणी कोण होती?' असे विचारू नये. 'तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता?' असे विचारावे.